ताट वेगळं नको, तपासणी हवी

मैत्रिणींनो, आपल्याकडे 'कावीळ' हा एकच शब्द किती दुखण्यांना पुरतो, पाहा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, की आपण म्हणतो, कावीळ झाली. मग घरोघरचे उपाय सुरू. तेल-तिखट बंद, उसाचा रस चालू. आपल्या नगर जिल्ह्यात उसाला काय तोटा? कुणी गळ्यात माळ घालायला नेतं, कुणी हाताला चुना लावून पाणी पिवळं करून दाखवणाऱ्याकडे. चार आठवड्यांनी माणूस हिंडूफिरू लागतं आणि सगळं श्रेय त्या माळेला मिळतं.

माणूस बरं होतं हे खरं, पण माळेमुळे नव्हे. दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई', बहुतेकांच्या अंगातून आपली आपणच जाते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती याच जातीची, पाण्यातून पसरलेली. (गरोदर बाईला मात्र ही 'ई' कावीळ फार धोक्याची, तिथे एक दिवसही घरगुती उपायात घालवू नये.) आणि चुन्याच्या पाण्याचं म्हणाल, तर ते धडधाकट माणसाच्या हातावरही पिवळं करून दाखवता येतं.

आज मला सांगायचं आहे ते दुसऱ्या एका काविळीबद्दल. तिचं नाव हिपॅटायटिस 'बी'. ही पाण्यातून येत नाही, ताटातून येत नाही, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ती पिवळीही दिसत नाही! नावापुरती कावीळ. म्हणूनच तिच्याबद्दल घरात होणारे घोटाळे फार.

आमच्या सावेडीतल्या भिशीत मध्यंतरी हाच विषय निघाला. एका काकूंची सून पाचव्या महिन्यात. दवाखान्यात नाव नोंदवलं तेव्हा नेहमीप्रमाणे रक्त तपासलं, आणि त्यात हिपॅटायटिस बी निघाला. काकू मनाने वाईट नाहीत हो. पण त्या म्हणाल्या, "अहो बाई, घरात लहान नातू आहे, म्हणून तिचं ताट-तांब्या वेगळा केला. कणकेला हात लावू नको म्हटलं. पण ही कावीळ तिने आणली कुठून, ते काही ती सांगत नाही."

ते शेवटचं वाक्य ऐकून भिशीतल्या चार जणी गप्प झाल्या. त्या वाक्यात नुसती आजाराची भीती नाही, संशयही आहे. आणि असं वाक्य आज कितीतरी स्वयंपाकघरांत बोललं जात असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता. त्यांतल्या पुष्कळांना त्याचा पत्ताच नाही. तेव्हा हा प्रश्न एकट्या काकूंच्या सुनेचा नाही.

आधी पाहू या, ही लागते कशी. हा विषाणू रक्तात आणि शरीरातल्या काही स्रावांत राहतो. तो पसरायच्या वाटा अशा:

बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला.

दुसऱ्यावर वापरलेली सुई किंवा सिरिंज पुन्हा वापरली तर.

नवरा-बायकोच्या संबंधातून, दोघांपैकी एकाला लागण असेल तर.

एकाच्या रक्ताचा अंश लागलेलं दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश, नखं काढायचं हत्यार दुसऱ्याने वापरलं तर. कान-नाक टोचायची आणि गोंदवायची सुईही त्यातच आली. बारशाला सोनाराकडून बाळाचे कान टोचता ना? सुई किंवा तार नवी, निर्जंतुक आहे का, एवढं जरूर विचारा. जत्रेत एकाच सुईने दहा जणांच्या हातावर नाव गोंदतात, तिथे तर हातच पुढे करू नका.

न तपासलेलं रक्त चढवलं तर. मात्र आज परवानाधारक रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची ही तपासणी करावीच लागते. म्हणून रक्त घ्यायचं ते रक्तपेढीतूनच.

आता ही कशाने लागत नाही, तेही तितकंच नीट वाचा. एका ताटात जेवल्याने नाही. तिने मळलेल्या कणकेच्या पोळ्या खाल्ल्याने नाही. एका तांब्याने पाणी प्यायल्याने, जवळ बसल्याने, गळ्यात पडल्याने, खोकल्या-शिंकल्याने नाही. अंगावर पाजल्यानेही नाही. मी अर्धवेळ का होईना, शाळेत शिकवते, म्हणून हेही सांगते: असं मूल वर्गात असलं तर त्याला वेगळं बसवायचं कारण नाही आणि डबा वाटून खाल्ला तर भ्यायचंही कारण नाही.

म्हणजे पाहा, काकूंनी वेगळं केलं ते ताट, ज्याच्यातून काही जात नव्हतं. आणि न्हाणीघरात एकाच पेल्यात सगळ्यांचे ब्रश एकमेकांना चिकटून उभे, मुलाचं दाढीचं सामान उघडं, ते तसंच राहिलं! वेगळं करायचंच असेल तर ब्रश, रेझर आणि नखांची कात्री वेगळी करा. बोट कापलं तर जखमेवर पट्टी बांधा. फरशीवर रक्त सांडलं तर हातमोजे घालून आधी टिपून घ्या, मग एक माप घरगुती ब्लीच आणि नऊ मापं पाणी असं मिश्रण ओतून दहा मिनिटांनी पुसा. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान ७ दिवस टिकतो, म्हणून नुसतं ओल्या फडक्याने पुसून भागत नाही.

सुईची गोष्ट थोडी विस्ताराने सांगते, कारण आपण बायकाच घरात आजारी माणसाला घेऊन दवाखान्यात जातो. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा गावी, २००९ साली हिपॅटायटिस बीची साथ उसळली. शेकडो माणसं आजारी पडली, कितीतरी दगावली. शोध घेतल्यावर वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्याचं निघालं. साधा ताप, अंगदुखी म्हणून गेलेली माणसं ही! तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. गोळीने काम होत असेल तर "डॉक्टर, एक सुई टोचाच" असा हट्ट धरू नका. आणि इंजेक्शन घ्यायचंच असेल तर "नवं पाकीट माझ्यासमोर फोडा" असं सांगायला लाजू नका. भाजीवाल्याला वांगं उलटंपालटं करून दाखवायला सांगतोच की आपण!

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते: आणली कुठून? त्याचं उत्तर असं की, रिपोर्टवरून ते कुणालाच सांगता येत नाही. सुनेलाही नाही आणि डॉक्टरांनाही नाही. या विषाणूची एक खोड आहे. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांचं शरीर त्याला सहा महिन्यांत हाकलून देतं. पण पहिल्या वर्षात बाळाला लागला, तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांच्या अंगात तो कायमचा मुक्काम ठोकतो. मूल हसतं-खेळतं, शाळेत जातं, लग्न करतं. ना डोळे पिवळे, ना ताप. वीस-पंचवीस वर्षांनी रक्त तपासलं की तेव्हा कळतं. म्हणून आज कायमची लागण सापडलेल्या सुनेला ती तान्हेपणीच, तिच्या स्वतःच्या आईकडून मिळालेली असण्याचा संभव मोठा. त्या आईलाही माहीत नसणार.

आणि आणखी एक गोष्ट. गरोदर बाईचं रक्त तपासतात, म्हणून रिपोर्ट पहिल्यांदा तिचा येतो. नवऱ्याचं रक्त कधी कुणी तपासलेलं असतं? ज्याची तपासणी झाली तो दोषी आणि ज्याची झालीच नाही तो निर्दोष, हा कुठला न्याय? सुनेचा रिपोर्ट आला की नवरा, घरातली बाकीची माणसं, माहेरची आई आणि भावंडं, सगळ्यांनी तपासून घ्यायचं असतं. यात कुणावर आरोप नाही, सगळ्यांचं भलं आहे.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्या काही लगेच 'बरं' म्हणाल्या नाहीत. पण पुढच्या आठवड्यात मुलगा जाऊन रक्त देऊन आला, असं कळलं. त्याचा रिपोर्ट काय आला ते मी विचारलं नाही. ती त्यांच्या घरातली गोष्ट.

आता निदानाबद्दल. रिपोर्ट हातात आला की त्यातली इंग्रजी अक्षरं पाहून जीव घाबरतो. पण किराणा दुकानाची यादी वाचतो तशी एकेक ओळ वाचली तर तो कळतो.

पहिली ओळ 'एचबीएसएजी'. कधी पुढे 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असंही छापलेलं असतं, आणि बायका विचारतात, आमचा ऑस्ट्रेलियाशी काय संबंध? संबंध इतकाच, की बारूख ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला हा पदार्थ १९६० च्या दशकात प्रथम सापडला तो ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात. पुढे तो या काविळीचाच निघाला, आणि १९७६ साली ब्लमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हाच आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. तर ही तपासणी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आज शरीरात आहे. झटपट पट्टीवर पॉझिटिव्ह आली तर प्रयोगशाळेत पुन्हा पक्की करून घेतात. पण लागण नवी की जुनी, ते या एका ओळीवरून कळत नाही.

दुसरी ओळ 'अँटी-एचबीसी आयजीएम'. ही पॉझिटिव्ह असली तर लागण बहुधा अलीकडची. शिवाय सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा तपासतात. तेव्हाही ती पॉझिटिव्हच राहिली, तर आजार कायमचा धरला असं मानतात.

तिसरी ओळ 'एचबीईएजी' आणि 'एचबीव्ही डीएनए'. विषाणूचा जोर किती आहे, रक्तात त्याची संख्या किती आहे, ते यांवरून कळतं. गरोदरपणात या ओळीला फार महत्त्व, ते पुढे सांगते.

चौथी ओळ 'एसजीपीटी', 'बिलिरुबिन' आणि जोडीला सोनोग्राफी. यकृताला, म्हणजे लिव्हरला, किती इजा झाली आहे ते यांतून दिसतं. बिलिरुबिन हाच आपला पिवळेपणा. तो अगदी बरोबर असूनही एचबीएसएजी पॉझिटिव्ह असू शकते. "बिलिरुबिन नॉर्मल आहे, मग कावीळ नाहीच" असं म्हणून रिपोर्ट कपाटात टाकू नका.

आणि 'अँटी-एचबीएस' ही ओळ मात्र आनंदाची. ती १० किंवा त्याहून जास्त असली तर तुमच्या शरीरात संरक्षण आहे, लस घेतल्यामुळे म्हणा किंवा आजार येऊन गेल्यामुळे म्हणा. इथे पॉझिटिव्ह वाचून रडत बसायचं नाही!

एक सावधगिरी. लागण झाल्यावर एचबीएसएजी रक्तात दिसायला सरासरी महिनाभर लागतो. आज वापरलेली सुई टोचली आणि उद्या तपासून 'निगेटिव्ह' आलं, तर निश्चिंत होऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, लस घेतलेली नसेल तर ती तातडीने टोचतात.

कायमची लागण म्हणजे उद्याच काही होतं असं नाही. पुष्कळ माणसं नीट जगतात. पण काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षांनी यकृत आक्रसतं, जखडतं, किंवा यकृताचा कर्करोग होतो. म्हणून डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दर सहा महिन्यांनी, तपासणी करायची. दारू पूर्ण बंद. कुणी सांगितलेलं झाडपाल्याचं औषध डॉक्टरांना न विचारता घ्यायचं नाही, कारण त्यातली काही यकृतालाच मारक असतात. गोळ्या सगळ्यांना लागत नाहीत. ज्यांना लागतात त्यांनी रोज घ्यायच्या, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट, बाळाची. गरोदर बाई पॉझिटिव्ह असली तरी तिचं बाळ वाचवता येतं. काही न करता सोडलं आणि आईचा 'एचबीईएजी' पॉझिटिव्ह असला, तर शंभरातल्या सत्तर ते नव्वद बाळांना लागण होते. म्हणूनच काय काय करायचं ते लिहून ठेवा.

विषाणूंची संख्या फार असेल तर डॉक्टर गरोदरपणातच आईला गोळी सुरू करतात. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. केवळ या आजारासाठी सिझेरियनची गरज नसते. बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, हिपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोस. आई पॉझिटिव्ह असेल तर त्याच्या जोडीला शक्यतो १२ तासांच्या आत तयार प्रतिपिंडांचं आणखी एक इंजेक्शन, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. हे दुसरं इंजेक्शन ऐनवेळी शोधायला धावू नका. आठव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून ठेवा, "तुमच्याकडे आहे ना?" मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस, तिच्यात हिपॅटायटिस बी असतेच. आणि नऊ महिन्यांनंतर, वर्षाच्या आत, बाळाचं रक्त तपासून खात्री करायची. आईने अंगावर खुशाल पाजावं.

पाहा बरं, काकू ताट वेगळं करण्यात गुंतल्या होत्या, आणि नातवंडाचे ते पहिले २४ तास कुणाच्या लक्षातही नव्हते!

पहिल्या डोसबद्दल आणखी थोडं. ही लस २०११ पर्यंत देशातल्या सर्व राज्यांत सरकारी लसीकरणात आली. त्याआधी जन्मलेल्या आपल्यातल्या बहुतेक जणींनी ती घेतलेलीच नसेल. नवऱ्याने, सासू-सासऱ्यांनी आधी तपासावं आणि निगेटिव्ह असतील तर लस घ्यावी. मोठ्यांना तीन डोस: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. नवऱ्याचे डोस पुरे होईपर्यंत निरोध वापरावा.

आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. बाळ तिथे जन्मतं, पहिला डोस एका गावात, पुढचा चुकतो. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरीही असं बाळ असेल. त्यांना सांगा, डोस चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले पुढे चालू करायचे. कार्ड मात्र जपायचं, आणि कुठल्याही सरकारी केंद्रात दाखवायचं.

"आम्हांला काय कळतंय यातलं" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी जामखेडचं उदाहरण देते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायका मुलांची वजनं करू लागल्या, सुखरूप बाळंतपणं करू लागल्या, आणि कुष्ठरोग्याला गावाबाहेर न काढता गावातच औषध मिळू लागलं. १९७९ साली दोघा डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांना जमलं, तर आपल्याला पाच ओळींचा रिपोर्ट वाचणं जड जाऊ नये.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. मुलांची लसीकरणाची कार्डं काढा आणि हिपॅटायटिस बीच्या रकान्यात तारखा आहेत का ते पाहा. न्हाणीघरातले ब्रश आणि रेझर वेगवेगळे ठेवा. मोठ्या माणसांपैकी कुणाची तपासणी झालेली नसेल तर एकदा एचबीएसएजी करून घ्या. आणि तुमच्या ओळखीत एखादीचं ताट असं वेगळं मांडलेलं असेल, तर तिच्या घरी जा, तिच्या हातचा चहा मागून घ्या, आणि सगळ्यांसमोर प्या.